काल्पनिक युद्धासाठी साचा कोणता घ्यावा: रामशेज की धोडप?

दिवाळीनंतर नवं कॅम्पेन, म्हणजे फासे टाकून पात्रं खेळवत अनेक बैठकांत रंगवायची गोष्ट, सुरू करायचंय. नकाशा तयार आहे, राज्यांची नावं ठरलीत, ड्रॅगन कुठे झोपतो तेही ठरलंय. अडलंय ते एकाच ठिकाणी: युद्ध कसं पेटणार आणि कोण कधी फितूर होणार? नाशकात टेबलावर फासे टाकणाऱ्या मंडळींत गेम मास्टरची, म्हणजे ती गोष्ट चालवणाऱ्याची, गाडी हमखास इथेच रुतते. मग एखाद्या विलायती मालिकेतला विश्वासघात उचलला जातो. टेबलावरच्या सगळ्यांनी ती मालिका पाहिलेली असते, त्यामुळे पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, ‘हा काका लग्नाच्या पंगतीत मारणार बघ.’

इतक्या लांब जायची गरज नाही. फितुरीचे दोन अस्सल साचे आपल्याच जिल्ह्यातल्या दोन किल्ल्यांवर आहेत. रामशेजला माणूस विकत घेतला गेला. धोडपच्या प्रकरणात माणसं घराण्याच्या भांडणात वाटली गेली. वरवर दोन्ही ‘फितुरी’च, पण खेळायला बसलं की दोन्हींचं वागणं पार वेगळं. माझा कल धोडपकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरी काही टेबलांना तो झेपणार नाही, त्यांनी खुशाल रामशेज घ्यावा.

रामशेज आपल्याला माहीत असतो तो आशेवाडीतून सकाळी चढून दुपारच्या जेवणाला घरी परत येण्यापुरता. किल्ला बुटका आहे. साल्हेरसारखी छाती दडपणारी उंची नाही, भोवती घनदाट जंगल नाही. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला तेव्हा हा किरकोळ किल्ला लगेच पडेल, असाच हिशेब असणार. तो पाच वर्षांहून जास्त लढला. आधी शहाबुद्दीन खान आला, मग बहादूरखान कोकलताश, मग कासीमखान. आत काही शे माणसं, बाहेर हजारोंची फौज. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा लाकडाच्या तोफा करून त्यावर कातडं चढवलं, हे खुद्द मोगलांच्या बाजूच्या खाफीखानाने लिहून ठेवलं आहे. मोगलांनी किल्ल्याच्या तोडीस तोड उंच लाकडी दमदमा, म्हणजे मारा करायचा बुरुज, उभारला, तोही कामी आला नाही. एका बाजूने हल्ल्याचा देखावा करायचा आणि दुसऱ्या बाजूने निवडक माणसं दोरावरून वर चढवायची, हा डावही वरच्यांनी ओळखला.

तुमच्या कामाची खरी चीज पुढे आहे. बहादूरखानाच्या छावणीत एक मांत्रिक आला, भुतांच्या बळावर गड घेऊन देतो म्हणाला, त्यासाठी सोन्याचा नाग करवून घेतला आणि तो हातात धरून फौजेच्या पुढे चालू लागला, अशी हकिकत सांगतात. वरून गोफणीचा दगड आला, मांत्रिकाच्या छातीवर बसला, नाग एकीकडे आणि मांत्रिक दुसरीकडे. फँटसीत जादू किती चालावी यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांनी ही हकिकत भिंतीवर चिकटवावी.

आणि शेवट? तोफेने नाही, नागाने नाही. मुल्हेरचा मोगल किल्लेदार नेकनामखान याने रामशेजवरच्या अब्दुल करीमशी संधान बांधलं आणि पैशाच्या बदल्यात गड मोगलांकडे गेला. ज्याने आधी गड झुंजवला त्या किल्लेदाराची त्यापूर्वी बदली झाली होती, असं सांगतात. या साच्याचा सगळा जीव त्या बदलीत आहे. पाच वर्षं भिंत तीच होती, कडा तोच होता. बदलला तो फक्त किल्ल्या सांभाळणारा.

टेबलावर हा साचा फार सुटसुटीत बसतो. जागा एक, वेळेचा दाब सतत, धान्य आणि दारूगोळा मोजायला सोपा. तीन-चार प्लेअर पुरतात, पाच-सहा बैठकांत काम होतं. फितुरी मात्र एकदाच करता येते. दरवाजा एकदा उघडला की गोष्ट संपली. शिवाय प्लेअरांना कळलं की हा वेढ्याचा खेळ आहे, तर पहिल्या दिवसापासून ते किल्लेदाराच्या मागे हेरासारखे फिरतात, त्याचं जेवण चाखतात, त्याची पत्रं फोडतात. बिचाऱ्याला लाच घ्यायलाही उसंत मिळत नाही.

आता धोडप. धोडप म्हटलं की हट्टी गावातून दिसणारा तो डोंगर आणि त्याच्या कड्यातली खाच डोळ्यांपुढे येते. गेम मास्टरला मात्र धोडपच्या लढाईआधीची सात वर्षं लागतात. १७६१ मध्ये पानिपत झालं, त्याच साली नानासाहेब पेशवे गेले, गादीवर सोळा वर्षांचे माधवराव आले. कारभार कुणी पाहायचा, यावरून काका रघुनाथरावांशी बेबनाव झाला. १७६२ मध्ये काकांनी थेट निजामाची मदत घेतली, म्हणजे आदल्याच वर्षापर्यंत जो शत्रू होता त्याची. आळेगावला पारडं फिरलं तेव्हा माधवरावांनी एक चाल केली, जी मला अख्ख्या प्रकरणात सर्वांत धीट वाटते. लढाई ताणण्याऐवजी ते स्वतः काकांच्या छावणीत जाऊन बसले. सत्ता काकांकडे गेली, पण फौज फुटायची वाचली. तुमच्या टेबलावर एखाद्या प्लेअरने असा पराभव आपणहून पत्करला, तर पुढच्या दहा बैठकांचा मालमसाला त्याने तुम्हाला फुकट दिला असं समजा.

वर्ष उलटायच्या आत तोच निजाम पुण्यावर चालून आला आणि त्याच्या छावणीत नागपूरचे जानोजी भोसले होते. मराठ्यांनी पुणं राखत बसण्याऐवजी निजामाचा मुलूख लुटायला घेतला. हा डाव फँटसीत कुणी वापरत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. राजधानी म्हणजे सर्वस्व, असं सगळे धरून चालतात. तुमच्या नकाशावरचा सोनेरी बुरुजांचा तो देखणा शहरठिपका शत्रूला लुटू द्या आणि तुमची फौज त्याच्या कोठारांकडे वळवा. बघा प्लेअर कसे एकमेकांच्या अंगावर येतात, कारण ज्याचं घर त्या शहरात आहे त्याला हा डाव कधीच पटत नाही. निष्ठेला पहिला तडा शत्रूच्या पैशाने जात नाही, आपल्याच सेनापतीच्या शहाणपणाने जातो.

मग १० ऑगस्ट १७६३, राक्षसभुवन. गोदावरी दुथडी भरलेली. निजाम फौजेचा एक भाग घेऊन पलीकडे गेला होता, दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे अडकला होता. त्याआधीच जानोजींशी गुप्त बोलणी होऊन मोठ्या मुलुखाच्या वचनावर ते निजामापासून सुटले होते. मराठे अलीकडच्या अर्ध्यावर तुटून पडले. लढाईत रघुनाथराव वेढले गेले तेव्हा माधवरावांनी धावून जाऊन त्यांना सोडवलं. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडून निजामाला काही करता आलं नाही, मध्ये नदी होती.

नदी आपली आहे, म्हणून ती खेळात आणायची नाशिकची रीत सुचवतो. पुराचा अंदाज रामकुंडावर आपण दुतोंड्या मारुतीकडे बघून घेतो ना? टेबलाच्या कडेला तसा एक मारुती काढा: पाय, गुडघा, कंबर, छाती. दर फेरीला एक फासा टाका आणि पाणी चढवा किंवा उतरवा. कंबरेपर्यंत आलं की पलीकडे गेलेल्या फौजेला परत येता येत नाही. छातीला लागलं की निरोपही जात नाही. सेनापतीला मदत मागायची आहे आणि पत्र नेणारा कोळी नाव घालायला तयार नाही, अशा वेळी ‘तो सरदार फितूर झाला की नुसता अडकलाय?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. त्यासाठी तुम्हाला एक शब्दही बोलावा लागत नाही.

पण हा साचा राक्षसभुवनला संपत नाही, म्हणून तर तो मला आवडतो. वचनावर मिळवलेला सरदार महाग पडतो. तीन वर्षांत, १७६६ मध्ये, माधवरावांनी चक्क निजामाशी हातमिळवणी करून जानोजींना वेठीला धरलं आणि दिलेल्या मुलुखातला मोठा हिस्सा परत घेतला. ज्याच्या विरुद्ध त्यांना फोडलं, त्याच्याच मदतीने. आणि १७६८ च्या जूनमध्ये, पाऊस तोंडावर असताना, काका पुन्हा उठले. होळकरांकडचे गंगाधर यशवंत चंद्रचूड त्यांच्या बाजूला, गायकवाडांचा मुलगा बाजूला, जानोजींचाही कल तिकडेच. जानोजींची कुमक पोचण्याआधी माधवरावांनी धोडप गाठला, काकांना हरवलं आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं.

न पोचलेली कुमक हे या साच्यातलं सर्वांत धारदार हत्यार आहे. हिशेब मांडून बघा. दोन्हीकडे वीस-वीस हजार आहेत आणि पाच हजारांचा सरदार उघड फिरला, तर पंधराला पंचवीस होतात, म्हणजे फरक दहा हजारांचा. तोच सरदार ‘वाटेत चिखल होता’ म्हणून दोन दिवस उशिरा आला, तर फरक पाच हजारांचाच पडतो, पण कुणी त्याला फितूर म्हणू शकत नाही. लढाईनंतर जो जिंकेल त्याच्याकडे तो पेढे घेऊन जातो. चतुर प्लेअरला हा तिसरा मार्ग दाखवून ठेवा. एकदा कळला की तो बाजू बदलतच नाही, नुसता रेंगाळतो, आणि सगळ्या टेबलाचं लक्ष त्याच्या तंबूकडे लागतं.

याची किंमतही आहे. धोडपला कमीत कमी पाच प्लेअर लागतात आणि त्यातल्या दोघांना चिठ्ठ्याचपाट्यांची हौस असावी लागते. बैठका लांबतात. दर वेळी कुणीतरी गैरहजर असतं, आणि नेमका तोच सरदार फिरायचा असतो. वंशावळ माहीत नसेल तर नवख्याला ‘हा का रागावलाय’ हेच कळत नाही. रामशेजमध्ये पाहुण्याला सांगायला एक वाक्य पुरतं: गड राखायचा आहे.

जादूचं काय? रामशेजच्या साच्यात उडणारा ड्रॅगन आला की कडा, दरवाजा, पाच वर्षं, सगळं एका संध्याकाळीत निकालात निघतं. वेढाच हवा असेल तर ड्रॅगनला सोन्याच्या नागाच्या लायकीवर आणा: आहे, सगळे घाबरतात, आणि पहिल्याच दगडाला कोसळतो. धोडपमध्ये तो नीट मावतो, कारण तिथे तो आणखी एक सरदार होतो. त्याला मुलूख नको, जहागीर नको, मग त्याला फोडायचं कशाने, हा प्रश्न दोन्ही पक्षांना छळतो. पावसात तो उडत नाही एवढा एकच नियम ठेवा. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात लढायचं की श्रावणापर्यंत थांबायचं, ही निवड खरोखर दुखते.

तिसरा साचा १८१८ चा. इंग्रजांपुढे त्र्यंबक, चांदवड, राजदेर अशी आपल्याकडची गडांची रांग काही आठवड्यांत गेली. तो घेऊ नका. दुसरा बाजीराव मैदान सोडून पळत होता, गडकऱ्यांनी निष्ठा ठेवायची ती कुणावर, हेच उरलं नव्हतं. वाचायला विषण्ण करणारं आहे, खेळायला त्यात काही नाही.

तेव्हा निवड अशी. नवे प्लेअर, महिन्यातून एखादा रविवार, आणि ज्यांना बोलण्यापेक्षा लढण्यात रस आहे, त्यांनी रामशेज घ्यावा. फितूर किल्लेदार मात्र पहिल्यापासून गडावर ठेवू नका, तिसऱ्या बैठकीत बदलीवर आणा, म्हणजे संशय जुन्यावर खर्ची पडलेला असतो. ज्यांचं टेबल वर्षभर टिकलंय, ज्यांच्यात दोघं-तिघं बैठकीनंतर व्हॉट्सॲपवर खाजगीत कट रचतात, त्यांच्यासाठी धोडप. तिथे आधीच ठरवून ठेवायची गोष्ट एकच: जानोजी कोण. ते पात्र खलनायक करू नका. त्याला स्वतःची फौज, स्वतःचा मुलूख आणि दोन्ही दरबारांकडून एकेक मोडलेलं वचन द्या. काकांनाही काळ्या रंगात बुडवू नका. रघुनाथराव उत्तरेत अटकेपर्यंत गेलेल्या फौजेचे सेनापती होते. त्यांना वाटलं असेल की सोळा वर्षांच्या पोरापेक्षा आपण बरे, तर ते अगदीच खुळं नव्हतं. गंगापूर रोडने जाताना आधी आनंदवल्ली लागते, जिथे काकांचा वाडा होता, आणि पुढे गंगापूर, जिथे माधवरावांच्या आई गोपिकाबाई येऊन राहिल्या. एका रस्त्यावर दोन दरबार. दोघांकडे जासूद रोज जात असतील आणि दोघांकडचा चहापाणी तोच गडी आणत असेल, अशी कल्पना करायला नकाशासुद्धा बदलावा लागत नाही. (तेव्हा चहा नव्हता, माहीत आहे. काल्पनिक राज्यात असू द्या.)

आणि दोन्ही हवे असतील तर धोडपच्या पोटात रामशेज घाला. काकाविरुद्ध पुतण्याचं युद्ध चालू आहे, मधोमध एक बुटका गड आहे, दोघांनाही हवा असलेला. किल्लेदार प्रामाणिक आहे, प्लेअरांचा लाडका आहे. त्याच्या बदलीचा हुकूम येतो, शिक्का राजाचा, अक्षर काकांच्या कारकुनाचं. हुकूम खरा की बनावट हे तुम्हीही आधी ठरवू नका. प्लेअर तो फोडून वाचतात की नवा किल्लेदार आत घेतात, ते आधी बघा, मग ठरवा.