काळ्या मातीतलं अंगण आणि छिद्रांचा पाइप: नऊ महिन्यांनंतर

आमचं घर जळगावच्या बाहेर, आधी कपाशीचं वावर होतं त्या प्लॉटवर. रस्त्यावर दर वेळी डांबराचा थर चढत गेला आणि अंगण राहिलं खाली, गटार वर, म्हणजे पाणी बाहेर जाणार तरी कुठून. काम करायच्या आदल्या श्रावणात कानबाईच्या रोटाला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, सगळी भाऊबंदकी जमली तेव्हा गेटपासून वट्ट्यापर्यंत विटा मांडून लोकांना आत घेतलं, तेव्हाच ठरवलं की आता बस.

मे महिन्यात चाळीस फूट चर खणून चार इंची छिद्रांचा पाइप टाकला, खाली-वर खडी, भोवती जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, शेवटी शोषखड्डा. मिस्त्री म्हणे कापड कशाला, सिमेंटच्या गोण्या गुंडाळू, पण काळी माती इतकी बारीक असते की दोन पावसात खडी बुजली असती, मी ऐकलं नाही. छिद्रं खालच्या बाजूला ठेवली आणि पाण्याची नळी लावून उतार स्वतः मोजला, चाळीस फुटाला पाच इंच.

फसलो कुठे, तर शोषखड्ड्यात. चार फूट खणलं आणि थांबलो. उन्हाळ्यात मातीला हात जाईल एवढ्या भेगा होत्या, वाटलं पाणी गटागट पिईल. पण ही माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि वरून पाणी झिरपायचं जवळजवळ बंदच होतं. पहिल्या जोरदार पावसात खड्डा भरला तो चार दिवस तसाच, डास वेगळे. मग पावसातच उघडीप बघून परत खणला, सात फुटांवर पिवळा मुरूम लागला तेव्हा कुठे पाणी उतरायला लागलं. खर्चात निम्मे पैसे या दुसऱ्या खोदकामाचे.

खरा फरक मात्र दुसऱ्याच गोष्टीने पडला. स्लॅब हजार फुटांचा, एक इंच पाऊस झाला की त्यावरून दोन हजार लिटरच्या वर पाणी खाली येतं, आणि ते सगळं आम्ही आधी अंगणातच सोडत होतो! आता पन्हाळीचा पाइप खाली न आणता कंपाऊंडच्या भिंतीवरून बिनछिद्राच्या पाइपने सरळ गटारात नेला, उंचीवरून येतंय तर गटार वर असलं तरी काय बिघडतं. शोषखड्ड्यावरचा भार निम्म्याहून कमी झाला. हे आधी सुचलं असतं तर कदाचित एवढा चर पण लागला नसता.

आता मोठा पाऊस थांबला की दोन-तीन तासांत अंगण चालण्यासारखं होतं, आधी आठवडा लागायचा. पाइपच्या मध्ये गाळ साचायला ठेवलेल्या चेंबरमधून पावसाळ्यात पंधरा दिवसाला घमेलंभर गाळ काढावा लागतो, ते काम माझ्याच गळ्यात. धुण्याच्या दगडाजवळचा कोपरा अजून ओलाच राहतो, तिथं उतार मिळतच नाही. आईने तिथं अळू लावलंय आणि आता मला तिकडे फावडं नेऊ देत नाही.