शिसं की समॅरियम? एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी अणुकेंद्र निवडताना

जळगाव-धुळ्याकडची एम.एस्सी. फिजिक्सची मुलं प्रकल्पाला ‘जायंट डायपोल रेझोनन्स’ घ्यायचं म्हणतात, आणि मग अडतात ती एकाच ठिकाणी: केंद्र गोल घ्यावं की लांबुळकं? दोन्हीकडे घडतं तेच. गॅमा किरणाची ऊर्जा मिळाली की सगळे प्रोटॉन एकीकडे आणि न्यूट्रॉन दुसरीकडे असे झुलू लागतात. फरक पडतो तो आकाराने.

शिसं-208 गोल (208 म्हणजे केंद्रातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून). कोणत्याही दिशेने झुलवा, ऊर्जा तीच. कोणत्या ऊर्जेचे गॅमा किती शोषले जातात, त्या आलेखावर साडेतेरा मेगाइलेक्ट्रॉन व्होल्टच्या (ऊर्जेचं एकक) आसपास एकच शिखर, सुमारे चार रुंद. फिटिंगला, म्हणजे आलेखावर सूत्राची रेघ बसवायला, तीन आकडे पुरतात: शिखराची जागा, उंची आणि रुंदी. गणितही आटोपशीर, साध्या लॅपटॉपवर होणारं. खरं सांगायचं तर यात नवं काही हाती लागत नाही.

समॅरियम-154 लांबुळकं आहे. आखाजीला लांब दोराचा झोका सावकाश जातो आणि आखूड दोराचा भरभर, तसंच इथे: लांब अक्षावरचं कंपन 12 च्या थोडं वर, आडव्या अक्षांवरचं 16 जवळ. शिखरं दोन. आडव्या दिशा दोन असल्याने वरच्या शिखराखालचं क्षेत्रफळ खालच्याच्या दुप्पट असावं, अशी अपेक्षा. दोन ऊर्जांचं गुणोत्तर 1.3 येतं, आणि केंद्राची लांबी रुंदीच्या किती पट, तेही जवळपास तेवढंच. म्हणजे आलेखावरून केंद्राचा आकार मोजता येतो! शिखराचं हे दुभंगणं डॅनोस आणि ओकामोटो या भौतिकशास्त्रज्ञांनी 1958 मध्ये स्वतंत्रपणे मांडलं होतं.

माझं मत समॅरियमकडे झुकतं, पण एकट्या 154 कडे नाही. 144 पासून सुरुवात करा. त्यात 82 न्यूट्रॉन, केंद्र गोल, शिखर एक. 150 मध्ये ते पसरट होतं, 152 ला फुटलेलं दिसतं. एकाच मूलद्रव्यात दहा न्यूट्रॉन वाढले की काय होतं, ते समोर येतं. आकडे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या एक्सफोर संग्रहात फुकट मिळतात, कोणाच्या हातापाया पडायची गरज नाही.

शिशाची एक बाजू मात्र समॅरियमला नाही. डिपार्टमेंटमधला गॅमा मोजणारा सोडियम आयोडाइड डिटेक्टर रात्रभर नुसता चालू ठेवा. भिंती-मातीतल्या थोरियममुळे 2.6 मेगाइलेक्ट्रॉन व्होल्टला छोटंसं शिखर उगवेल. थोरियमच्या साखळीत शेवटी शिसं-208 तयार होतं, आणि ही त्याच्याच पहिल्या उत्तेजित पातळीची गॅमा: केंद्राच्या नासपतीसारख्या आकाराच्या कंपनाची. हातांनी प्रयोग करायचाच असेल तर हे घ्या.

समॅरियम घेतलंत तर दोन शिखरांचे सहाही आकडे आधी मोकळे सोडून फिट करा. क्षेत्रफळांचं प्रमाण सुरुवातीलाच 1:2 ला बांधून ठेवलं, तर व्हायव्हात पहिला प्रश्न त्यावरच येईल.