गोल्फची बारीकसारीक वस्तू कमरेला लावायचीय: क्लिप, पाऊच, की अथणीकडचं चामडं?

परवा सकाळी आमच्या ग्रुपात नवीनच यायला लागलेला बेळगावच्या टिळकवाडीचा एक पोरगा तिसऱ्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, दोन्ही खिसे उलटे करून मार्कर शोधत होता, बॉल उचलताना त्याच्या जागी ठेवायची ती चकती. रुमाल बाहेर, गाडीची किल्ली बाहेर, दोन टी (पहिला फटका मारताना बॉल ज्यावर ठेवतात त्या खुंट्या) गवतात पडलेल्या, आणि मागचे चौघं थांबलेले. आमची बॅग उचलणारे कॅडीमामा म्हटले, "काय शोधूलालास रे अजून, ठेव की रुपाया." घरी जाताना त्यानं मला विचारलं, दादा, कमरेला लावायचं ते होल्डर घ्यायचंय, कुठलं घेऊ? गाडीजवळ उभ्या उभ्या सांगून ते पुरं झालं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. गेल्या काही वर्षांत चार प्रकार मी स्वतः वापरलेत आणि दोन वापरून सोडलेत.

पहिल्यांदा कमरेला काय काय पाहिजे ते ठरवा. चार टी, एक मार्कर, पिच मार्क, म्हणजे बॉल पडून ग्रीनवर झालेला खळगा, नीट करायचा काटा आणि एक जादा बॉल, बास. बाकी सगळं बॅगेत. आता एवढ्यासाठी वेगळी वस्तू कशाला असं वाटेल, पण बघा, ग्रीनवर मार्क न करता बॉल उचलला की एक स्ट्रोक पेनल्टी बसते, म्हणजे एक फटका जादा मोजतात, आणि 2019 ला नियम बदलल्यापासून हरवलेला बॉल शोधायला पाचाच्या जागी तीनच मिनिटं मिळतात, आपली पाळी आली की 40 सेकंदांत शॉट मारावा असंही त्यातच सांगितलंय. म्हणजे खिसे चाचपत बसायला वेळ नाही. आणि आपल्या बेळगावात तर पावसाळ्यात कडेचं गवत मांडीपर्यंत वाढतं, त्यात पडलेली टी कोण शोधणार? 2022 च्या ऑगस्टमध्ये बिबट्या इथंच गोल्फ मैदानाच्या परिसरात दडून बसलेला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शोधायला शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैल हत्ती कॅम्पातून हत्ती आणले, हे आठवत असेलच. तेव्हापासून मी बारीक वस्तूसाठी उंच गवतात पाय घालत नाही, जे लागतं ते अंगावरच अडकवलेलं असतं.

खिशाचं आधी सांगतो कारण ते फुकट आहे. नेहमीची टी पावणेतीन इंची नाहीतर सव्वातीन इंची असते, ती खिशात आडवी बसत नाही, टी लावायला वाकलं की मांडीत टोचते. बॉल पावणेदोन इंचाला थोडा कमी, तो खिशात असला की स्विंग करताना, म्हणजे क्लब फिरवताना, आपलं लक्ष तिकडंच जातंय. खिशातली एकच गोष्ट चांगली, मार्कर म्हणून एक रुपायाचं नाणं. नियमात नाणं चालतं. आणि आता जे स्टीलचं एक-दोन रुपायाचं नाणं आहे ते चुंबकाला चिकटतं, पिवळं पाचाचं किंवा दोन रंगांचं दहाचं चिकटत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडणार आहे.

आता प्लॅस्टिकची बेल्ट क्लिप. ऑनलाइन सगळ्यात जास्त हीच दिसते, चार ते सहा टी खोचायच्या खाचा, मधे चुंबक, त्यावर एक रंगीत मार्कर, काहींना बाजूला काटा. मी पहिली घेतली ती साडेतीनशेची. चांगलं काय, तर हलकी आहे, पावसात काही होत नाही, नळाखाली धुतली की आपली तांबडी माती निघून जाते, आणि टी डोळ्यासमोर असतात म्हणून किती उरल्या ते कळतं. पण खाचा एकाच जाडीच्या असतात. प्लॅस्टिकची बारीक टी त्यातून सुळकन घसरते, लाकडी टी पावसात फुगली की अशी घट्ट बसते की ओढताना क्लिपच हातात येते. माझी तशीच गेली, चौदाव्या होलला टी ओढली आणि क्लिपची बेल्टवर अडकणारी जीभ कट्कन मोडली. मोडलेली जागा बघितली तर कागदाएवढी पातळ, तिथं वळणावर जाडीच ठेवलेली नव्हती. तेव्हापासून क्लिप घ्यायची झाली तर मी एवढंच बघतो की जीभ धातूची आहे का प्लॅस्टिकची, आणि दुमडते तिथं किती जाड आहे. फोटोत ते दिसत नाही, म्हणून वापरलेल्या माणसाला विचारा. धातूच्या जिभेची क्लिप थोडी महाग पडते, पण टिकते, माझ्या एका मित्राकडं तिसरा पावसाळा काढतीये.

चुंबकाचं पण बघून घ्या. कंपनीनं दिलेला मार्कर पहिल्या महिन्यातच हरवतो, सगळ्यांचाच हरवतो, मग त्या जागी आपला रुपाया चिकटतो का हे घरीच करून बघायचं. माझा चिकटला, आणि दोन वर्षं तेच नाणं वापरतोय. आणि ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांनी चुंबकाचं काहीही छातीजवळच्या खिशात ठेवू नये, निदान एक वीतभर लांब पाहिजे, कमरेला लावलं तर चालतंय पण आपल्या डॉक्टरना विचारूनच. आमच्या सकाळच्या मंडळीत साठीच्या पुढचे बरेच आहेत म्हणून मुद्दाम लिहिलं.

पाऊच म्हणजे कमरेला बांधायची चेनवाली पिशवी. आमच्या आजीची पानसुपारीची चंची होती, एका कप्प्यात पान, एकात सुपारी, एकात चुना, दोरी ओढली की बंद, अंधारात पण तिचा हात बरोबर चुन्यावर जायचा. पाऊच घेताना मला तीच आठवते, कारण चंचीत प्रत्येक जिनसेला आपली जागा होती आणि बाजारातल्या बहुतेक पाऊचमध्ये एकच मोठा कप्पा असतो, सगळं एकात. त्यात हात घातला की पहिल्यांदा बॉल लागतो, मग फोन, मग टीचं टोक नखात जातंय. शिवाय पाऊच आहे म्हणून आपण भरतच जातो. एक बॉल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास, तीन टाकले की दीडशेच्या घरात, वर फोन, चाव्या, मग क्लब मागं नेताना पिशवी मांडीवर आपटते. ट्रॉली ओढणाऱ्याला किंवा कॅडी असलेल्याला याची गरजच नाही. पण पोरांना शिकवायला नेत असाल, किंवा बॅग न घेता दोन-तीन क्लब हातात घेऊन संध्याकाळी सहा-सात होल खेळत असाल तर पाऊचच घ्या, तेव्हा दुसरं काही पुरत नाही. घेताना आत वेगळा टीचा कप्पा आहे का आणि चेन मोठ्या दातांची आहे का बघा, बारीक चेनमध्ये आपली माती गेली की ती अडकते.

आता जे मला मनापासून आवडलंय ते. आपल्या जिल्ह्यात अथणी, निपाणीकडं कोल्हापुरी चप्पल करणारी घरं आहेत, 2019 ला त्या चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात आपला बेळगाव आहे. तर मी अथणीकडच्या एका कारागीर मामांकडं मोडकी क्लिप घेऊन गेलो, असंच पण चामड्याचं करून द्या म्हटलं. त्यांना गोल्फ माहीत नव्हता, पण टी हातात घेऊन फिरवून बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "ही वर ओढून काढायची का खाली?" एवढ्या वर्षांत एकाही दुकानदारानं मला हे विचारलं नव्हतं. मग त्यांनी टीची टोकं खाली झाकली जातील आणि डोकी वर राहतील अशा चार नळ्या एकाच पट्टीला टाके घालून केल्या, काट्याला बाजूला खिसा, आणि बेल्ट ओवायला मागं पूर्ण पट्टा ठेवला, क्लिप नाहीच. पाचशे घेतले, चार दिवसांत दिलं.

हे चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, सुरुवातीला कडक, नळीत टी घालायला जोर लागायचा, पंधरा-वीस दिवसांत टीच्या मापाची झाली. आता जाडी-बारीक कुठलीही टी घाला, धरून ठेवते. तोटेही सांगतो. मिरगापासून गणपतीपर्यंत आपल्याकडं जो पाऊस असतो त्यात हे वापरू नका, ओलं तसंच गाडीत राहिलं की दोन दिवसांत पांढरी बुरशी धरते. आणि माझी चूक झाली ती म्हणजे लोखंडी काटा ओल्या चामड्यात तसाच ठेवला, दुसऱ्या दिवशी तिथं शाईसारखा काळा डाग. हिरड्याचं कमावलेलं चामडं आणि लोखंड ओलं एकत्र आलं की असं होतंच, तो डाग सहजासहजी जात नाही. मग मामांना सांगून रिव्हेट पितळेचे घालून घेतले आणि काटा आता प्लॅस्टिकचा ठेवलाय. ओलं झालं तर सावलीत वाळवायचं, उन्हात नाही, आणि महिन्यातून एकदा तेलाचं बोट.

टोपीच्या कडेला लावायची चुंबकाची क्लिप पण मिळते, फक्त मार्करसाठी. ग्रीनवर हात पटकन जातो, पण टी, काटा कशाचीच सोय नाही, आणि वाऱ्यानं टोपी उडाली की मार्करही गेला. दुसऱ्या कशाच्या जोडीला ठीक आहे, एकटी नको.

तर टिळकवाडीच्या भावा, तू नवीन आहेस, महिन्यातून दोन-तीनदा खेळतोस, तू धातूच्या जिभेची साधी क्लिप घे आणि तिच्या चुंबकावर रुपाया चिकटव. आठवड्याला दोन-तीनदा येणाऱ्यांनी दिवाळीच्या आधी चामड्याचं करून घ्यावं, दसऱ्यानंतर पाऊस संपला की मे पर्यंत निवांत वापरता येतं, आणि पावसाळ्यासाठी धातूच्या जिभेची क्लिप बॅगेत असू दे. चामड्याचं करून घेताना आपल्या टी, काटा आणि बेल्ट तिन्ही बरोबर घेऊन जा, नुसतं माप सांगून होत नाही.

आणि लावायचं कुठं, यात बरेच जण चुकतात. पोटासमोर लावलं की वाकताना टोचतं. आपण उजव्या हातानं खेळणारे, ग्लोव्ह डाव्या हातात असतो, टी काढायला मोकळा उजवाच हात, म्हणून ट्रॉली असेल तर उजव्या कमरेला, खिशाच्या शिवणीच्या जरा मागं. बॅग उजव्या खांद्यावर घेऊन चालत असाल तर ती तिथंच घासते, मग डाव्या बाजूला लावा आणि चार-पाच फेऱ्या जाऊ देत, हात आपोआप तिकडं जायला लागतो.