पेठेतल्या वाचनालयाचा ग्रंथालय सप्ताह

14 ते 20 नोव्हेंबर हा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह एरवी प्रतिमापूजन, चार टेबलांवरचे ग्रंथप्रदर्शन आणि एखादे व्याख्यान एवढ्यावर उरकला जातो. आमच्या सदाशिव पेठेतल्या लहानशा वाचनालयाने यंदा मात्र सातही दिवस, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात या वेळात, वेगवेगळे कार्यक्रम ठेवले होते आणि बावीस वर्षांची वर्गणीदार या नात्याने त्यांपैकी सहा दिवस मी हजर होते. प्रवेश विनामूल्य होता, सभासदत्वाची अट नव्हती आणि चहा रोज मिळाला. वाचनालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण काही उणिवाही सांगायच्या आहेत आणि पुस्तके मला पुढेही तिथूनच आणायची आहेत.

पहिला दिवस जवळजवळ वाया गेला. बालदिनानिमित्त मुलांसाठी गोष्टींचा कार्यक्रम जाहीर झाला होता. पण प्रमुख पाहुणे पाऊण तास उशिरा आले आणि दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, मनोगत असा सगळा क्रम रीतसर पार पडेपर्यंत सात वाजून गेले. गोष्ट सांगायला आलेल्या ताईंच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटे उरली. तोवर सतरंजीवरची निम्मी मुले आयांच्या मांडीवर पेंगत होती. ताईंनी हातरुमालाला दोन गाठी मारून त्याचा उंदीर केला, तो पहिल्या ओळीतल्या मुलाच्या बाहीत शिरला, आणि पेंगणारी सगळी मुले ताठ बसली. ते पाहून त्या पाऊण तासाची हळहळ अधिकच वाटली.

शनिवारचा ग्रंथबांधणीचा वर्ग ही या सप्ताहातली सर्वांत मोलाची संध्याकाळ होती. वाचनालयाची फाटकी पुस्तके वर्षानुवर्षे बांधून देणारे एक वयस्कर कारागीर शिकवायला होते. सगळे त्यांना काकाच म्हणतात. बारा जणांना बारा खिळखिळी पुस्तके दिली होती. पहिली पंधरा मिनिटे आम्ही फक्त जुन्या चिकटपट्ट्या काढत होतो. वाचकांनी प्रेमाने लावलेली ही पट्टी पुस्तकाचा घात कसा करते, हे काकांनी एकच पान उजेडासमोर धरून दाखवले. पट्टीचा डिंक कागदात मुरून पिवळा पडला होता आणि पट्टी ओढताच तिच्याबरोबर अक्षरेही निघून आली. त्यानंतर कण्यावरचा जुना सरस खरवडायचा, फर्मे, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचे जुडगे, सुटे करायचे, टोच्याने भोके पाडायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने दाभण आतबाहेर करत एकेक फर्मा आधीच्या फर्म्याला बांधत न्यायचा, असे काम चालले. खळ मैद्याची होती आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घातला होता. मोरचूद विषारी असल्यामुळे लहान मुलांना त्या टेबलापाशी येऊ दिले नाही, आणि आम्हालाही हात धुतल्याखेरीज चहाला शिवू दिले नाही, ही काळजी मला विशेष आवडली. खळ बोटावरून सर्रकन ओघळली तर पातळ, गोळा होऊन बसली तर घट्ट, एवढे एकच माप काकांनी दिले. माझ्या वाट्याला आलेल्या प्रवासवर्णनाचा तिसरा फर्मा मी उलटा शिवला होता. काकांनी काही न बोलता दोरा कापला आणि पुस्तक पुन्हा माझ्यापुढे सरकवले. उणीव एवढीच, की जागा बाराच होत्या आणि त्या आधीच भरल्याची सूचना कुठेही लावली नव्हती, त्यामुळे तेवढेच लोक मागे उभे राहून नुसते पाहत होते.

रविवारी मुलांसाठी कपाटांमध्ये पुस्तक शोधण्याचा खेळ ठेवला होता. आमच्याकडे मुक्तद्वार पद्धत नाही. एरवी चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचे आणि शिपाई पुस्तक आणून देईपर्यंत कठड्याशी थांबायचे. त्या दिवशी कठड्याचे दार उघडले होते. मुलांना फक्त वर्गांक दिला होता. पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या ड्यूईच्या पद्धतीत मराठी साहित्य 891.46 वर येते, त्यापुढे 1 असेल तर कविता, 2 असेल तर नाटक, 3 असेल तर कथा-कादंबरी, एवढे सांगून ग्रंथपालबाईंनी त्यांना आत सोडले. दहा मिनिटांत मुलांना ते समजले. माझ्यासह कित्येक मोठ्यांना ते आजवर ठाऊक नव्हते, आणि त्याचे कारण दारच बंद असणे हे आहे. सप्ताह संपल्यावर दार पुन्हा बंद झाले. पुस्तके गहाळ होण्याची भीती मला मान्य आहे, तरी आठवड्यातून एक दिवस ते उघडे ठेवायला हरकत नसावी.

सबंध आठवडा दाराजवळ मांडलेले एक टेबलही कार्यक्रमाइतकेच महत्त्वाचे ठरले. गेल्या दहा वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तके तिथे ठेवली होती आणि वर डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी तिसरे सूत्र लिहिले होते: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 साली त्यांनी ही सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. टेबलावरून मी विहिरींविषयीचे एक पातळ पुस्तक उचलले. त्यातल्या तारखेच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का 1998 सालचा होता. आठवडाअखेर ते टेबल जवळजवळ निम्मे रिकामे झाले होते.

सोमवारचे मोडी लिपीचे प्रात्यक्षिक चांगले झाले, पण दोन तास त्याला पुरे पडणारे नव्हते. आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरे तिच्याखाली लटकवत न्यायची, हे एकदा बोटांना कळले की मजा येऊ लागते. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, हे ऐकताच शाळकरी मुलांच्या चेहऱ्यांवर जो आनंद पसरला, तो त्यांच्या मराठीच्या बाईंनी पाहायला हवा होता. वाचनासाठी दिलेल्या जुन्या पत्राच्या छायाप्रती मात्र इतक्या फिकट होत्या, की मोडी येणाऱ्यालाही ते पत्र लागले नसते. पेशवे दफ्तराच्या आणि 1910 साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या गावात, तेही सदाशिव पेठेत, एक स्वच्छ प्रत मिळू नये याचे नवल वाटते.

मंगळवारी मी जाऊ शकले नाही. बुधवारी अभिवाचन होते. वाचणारी चारही मंडळी तयारीची होती, पण ध्वनिक्षेपक एवढा मोठा लावला होता, की वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेतून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे दोघे विद्यार्थी खाली येऊन जिन्यात उभे राहिले. ते तक्रार करायला आले आहेत हे सर्वांना दिसत होते, आणि तरी आवाज कमी झाला नाही. ही मुले मासिक शुल्क भरतात. वाचनालयाचे वीजबिल बहुधा त्यांच्याच पैशांतून भरले जात असावे. चाळीस खुर्च्यांच्या खोलीत ध्वनिक्षेपक लागतोच कशाला, हे मला अजून कळलेले नाही.

गुरुवारच्या वाचक मेळाव्यात हा विषय निघाला, आणि तो निघू दिला याबद्दल कार्यवाहांचे कौतुक केले पाहिजे. वर्गणी वाढवण्याचा प्रस्तावही त्यांनी तिथेच मांडला. महाराष्ट्राच्या 1967 सालच्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात ग्रंथालय कराची तरतूद नाही, त्यामुळे आमच्यासारख्या संस्था अ, ब, क, ड या वर्गवारीनुसार मिळणाऱ्या शासकीय अनुदानावर आणि वर्गणीवर चालतात, हे त्यांनी हिशेबाचा कागद हातात धरून सांगितले. दिवाळी अंकांच्या योजनेचे पैसे वेगळे घेता, मग वर्गणी कशाला वाढवता, असे एका आजोबांनी विचारले. त्यावर बराच वेळ खडाजंगी झाली आणि प्रस्ताव पुढच्या सभेवर गेला.

बांधणीचा वर्ग मात्र त्याच मेळाव्यात कायमचा ठरला. यापुढे तो दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, साडेपाच वाजता, वाचनकक्षातच भरेल. नावे देवघेवीच्या टेबलावर लिहून घेतात, जागा बाराच आहेत आणि दाभण घरून आणावे लागते.