सेलवर चालणारी बॉबिन भरायची मशीन घ्यावी का? आठ महिने वापरून सांगते

मी लातूरला घरीच ब्लाऊज शिवते, काळी पायडलची मशीन आहे. लग्नसराईत दिवसाला पाच-सहा ब्लाऊज अन् प्रत्येकाचा रंग वेगळा, म्हणून बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची फिरकी, भरायची ही छोटी मशीन ऑनलाईन मागवली, साडेपाचशेला पडली. गल्लीतल्या दोघी-तिघी विचारायल्यात म्हणून लिहायलेय.

मला वाटलं होतं शिवता शिवता खालचा दोरा संपला की ही कामाला येईल. तसं होत नाही. मॅचिंगचं रीळ एकच असतं, गंजगोलाईच्या बाजारातून एका ब्लाऊजसाठी दोन कोण आणतंय, मग गळ्याची पायपिन अर्ध्यात असली तरी सुईतला दोरा काढून रीळ उचलावंच लागतं. अन् दोन रिळं असली तर काळ्या मशीनवर दुसरं खालच्या खुंटीवर लावून, चाकाचा स्क्रू ढिला करून आरामात भरता येतं, सुई हलत नाही.

खरा फायदा वेगळाच निघाला. मी शिवत असते तेव्हा सासूबाई भिंतीला टेकून पुढच्या चार ब्लाऊजच्या बॉबिनी भरून ठेवतात, मशीन थांबतच नाही. त्यांचे गुडघे दुखतात, पायडल मारवत नाही, पण हे बटण दाबायचं काम त्यांना लई आवडलंय. माझे पैसे इथंच वसूल झाले.

पण पहिल्या आठवड्यात मी जाम वैतागले होते. बॉबिन पोकळ भरायची, बोटानं दाबली की स्पंजासारखी दबायची, अन् अस्तर जोडताना खालून नुसते गुंते. ह्या मशीनला दोऱ्याला ताण द्यायची सोय नावालाच आहे. आता दोरा दोन बोटांच्या चिमटीत हलका धरतो, एकसारखी भरते. लई ओढायचा पण नाही, कारण पॉलिस्टरचा दोरा ताणून भरला की शिवल्यावर आखडतो अन् शिलाईला चुण्या पडतात, क्रेपवर तर लगेच दिसतात. आपोआप थांबत पण नाही, कडेपासून थोडी कमी भरली की हात काढायचा, नाहीतर मशीनच्या बॉबिन केसमध्ये अडकते. दोऱ्याचा मोठा कोन तिच्यावर बसत नाही, तो मागं स्टीलच्या ग्लासात उभा करायचा.

एकटी शिवणारी असाल, महिन्याला दोन-चार कपडे, तर घेऊ नका. मशीनवर बॉबिन भरताना घसरत असेल तर भरणीच्या चाकाचं रबर झिजलेलं असतंय, ते पाच-दहा रुपयात मिळतं, ते बदला अन् वरून डझनभर बॉबिनी आणा. ज्यांच्याकडं जुकीसारखी मोठी मशीन आहे त्यांची तर शिवतानाच बाजूला बॉबिन भरत राहते, त्यांना हिची गरजच नाही.

घेणारच असाल तर आपली बॉबिन तिच्या दांड्यावर घट्ट बसते का ते आल्या आल्या बघा, तरच ठेवा. अन् सिझन संपला की सेल काढून ठेवा, माझ्या पावसाळ्यात आतच गळले, पत्र्याला हिरवट गंज धरला, तो लिंबू लावून घासून काढावा लागला.