ड्रायव्हरमध्ये कोअरची कोणती संख्या धरावी?

लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, ड्रायव्हर (हार्डवेअर हाताळणारा कोड) लिहिताना प्रोसेसरच्या दर कोअरमागे एक काउंटर ठेवायचा आहे. त्यासाठी जागा किती घ्यायची? कर्नल यासाठी अनेक आकडे देतं आणि चुकीचा निवडला तर टेस्टिंगमध्ये बहुधा काहीच दिसत नाही.

एनआर-सीपीयूज हा जास्तीत जास्त कोअरचा आकडा कर्नल बिल्ड करतानाच ठरतो. त्यावर साधा अ‍ॅरे (क्रमांकवार जागांची रांग) बांधणं सोपं आणि सुरक्षित, पण महाग. एक्स86-64 वर, म्हणजे इंटेल आणि एएमडीच्या नेहमीच्या 64-बिट प्रोसेसरवर, ही मर्यादा 8192 पर्यंत ठेवता येते. तशा बिल्डवर दर कोअरला 64 बाइट धरले, तर चार कोअरच्या लॅपटॉपवरही 512 केबी अडकून पडतात.

मग चालू कोअरची संख्या, म्हणजे नम-ऑनलाइन-सीपीयूज, का नको? खरा धोका इथेच आहे. चार कोअरचं मशीन घ्या, क्रमांक 0 ते 3. कोअर 1 बंद केला की संख्या येते 3, म्हणून अ‍ॅरेत 0 ते 2 एवढ्याच जागा. कोअर 3 मात्र चालूच आहे. तो आपल्या क्रमांकावर लिहायला जातो आणि दुसऱ्याच कुणाची मेमरी बिघडवतो. शिवाय बंद कोअर नंतर पुन्हा सुरू होऊ शकतो. जागा ठरवायला हा आकडा कधीही वापरू नये.

अ‍ॅरेच हवा असेल तर एनआर-सीपीयू-आयडीज घ्या. तो संभाव्य, म्हणजे त्या मशीनवर कधीही चालू होऊ शकणाऱ्या, कोअरच्या सर्वांत मोठ्या क्रमांकाहून एकने जास्त असतो, त्यामुळे मधले क्रमांक गाळलेले असले तरी चालतं. मात्र शेजारशेजारचे छोटे काउंटर एकाच कॅश लाइनवर (प्रोसेसर एका वेळी उचलतो तो मेमरीचा तुकडा) येतात आणि कोअर ती लाइन एकमेकांकडून ओढत राहतात.

काउंटरसाठी माझा कौल निःसंशय पर-सीपीयू व्हेरिएबलला. दर संभाव्य कोअरची प्रत वेगळी, त्यामुळे ही ओढाताण नाही. बेरीज करताना मात्र संभाव्य कोअरवरूनच फिरा. फक्त चालू कोअर मोजले तर बंद झालेल्याचे आकडे हरवतात.

चालू संख्येचा उपयोग आहे तो अंदाज बांधायला. शेड्युलर, म्हणजे कोणतं काम कधी चालवायचं ते ठरवणारा कर्नलचा भाग, तिचा तसाच वापर करतो: टाइम स्लाइसचा (कामाला सलग मिळणाऱ्या वेळेचा) गुणक काढताना ती जास्तीत जास्त 8 धरतो, म्हणून मूळ सेटिंगमध्ये गुणक 4 वर थांबतो. यावरून लिनक्स आठच कोअर वापरतं असा अर्थ काढणं चूक आहे. 64 कोअरच्या मशीनवर काम 64 कोअरवरच वाटलं जातं.