इलेक्ट्रिक गाडी, अकरा सहली आणि अर्थिंगचा खड्डा

हा रिव्ह्यू मी ऑक्टोबरमध्येच अर्धा लिहून ठेवला होता. त्यात गाडीला साडेतीन स्टार होते आणि गाडीसोबत मिळालेल्या पोर्टेबल चार्जरला एक. तो एकसुद्धा शून्य देता येत नाही म्हणून. मागच्या महिन्यात सकलेशपूरला जे झालं त्यानंतर चार्जरचा भाग खोडून पुन्हा लिहावा लागला. सर्व्हिस सेंटरबद्दलचं मत मात्र तसंच आहे, उलट थोडं खालीच गेलंय.

गाडीचे कंपनीचे आकडे सगळीकडे मिळतात, त्यात शिरत नाही. माझी ४० युनिटच्या बॅटरीची आहे. जुलैत घेतली. नऊ महिन्यांत १४,२०० किलोमीटर झाले, त्यातले निम्म्याहून जास्त शनिवार-रविवारचे. आम्ही बंगळुरूत राहतो आणि शुक्रवारी संध्याकाळी या शहरातून पळ काढायचा हा आमचा एकमेव छंद आहे. सकलेशपूर, आगुंबे, वायनाड, येरकाड, उटी, बीआर हिल्स, चिकमगळूर, काही ठिकाणी दोनदा, अशा अकरा सहली मोजल्या. रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापलेलं अंतर, शहरात २८५ किलोमीटर, हायवेला ८५ च्या स्पीडने २७०, शंभरच्या पुढे गेलात की २३०. कंपनीचा आकडा मी विसरलोय, तुम्हीही विसरा.

खर्चाचं आधी सांगतो, कारण गाडी घेतलीच त्यासाठी. घरच्या मीटरवर किलोमीटरला रुपया-सव्वा रुपया पडतो. जुनी पेट्रोल गाडी घाटात सात रुपये खायची. हायवेवरच्या फास्ट चार्जरला युनिटमागे वीस-बावीस रुपये मोजले की हाच हिशोब सव्वातीन रुपयांवर जातो, आणि मला ते बघवत नाही. म्हणून आमची पद्धत अशी ठरली: घरून १०० टक्के भरून निघायचं, वाटेत कुठेही न थांबता होमस्टे गाठायचा, रात्रभर तिथल्या १५ अँपिअरच्या प्लगला पोर्टेबल चार्जरने गाडी लावायची. बायको म्हणते याला काटकसर नाही, जुगार म्हणतात.

ऑगस्टमधली पहिली सकलेशपूर सहल या पद्धतीची जाहिरात करावी अशी झाली. २२० किलोमीटर, कुणिगल, चन्नरायपट्टण, हासन करत १८ टक्क्यांवर पोचलो. कॉफीच्या मळ्यातलं जुनं घर, बाहेर धो धो पाऊस. व्हरांड्यात प्लग लावला, चार्जरचा हिरवा दिवा लागला, सकाळी गाडी फुल्ल. मालकांनी विजेचे ३०० रुपये घेतले. ३७ युनिट गेले होते, म्हणजे त्यांनाही परवडलं आणि मलाही. परतताना मी मंजराबादच्या किल्ल्यावर उभा राहून (टिपूने बांधलेला, वरून बघितला तर चांदणीच्या आकाराचा, खालून बघितला तर पायऱ्या आणि शेवाळ) ऑफिसातल्या तिघांना मेसेज केले की रेंजची भीती वगैरे सब झूठ आहे.

सप्टेंबरमध्ये आगुंब्याने मला गप्प केलं.

३५० किलोमीटर, त्यामुळे नाइलाजाने वाटेत अर्धा तास फास्ट चार्जिंग. आगुंब्यात लाकडी खांबांचं सुंदर जुनं घर. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणारं गाव, जळवा पायावर चढतात हे सगळं मान्य करून गेलो होतो. प्लग लावला. लाल दिवा. पुन्हा लावला. लाल दिवा. स्वयंपाकघरातला प्लग, न्हाणीघराबाहेरचा प्लग, सगळीकडे तोच दिवा चारदा लुकलुकतो आणि थांबतो. मॅन्युअलमध्ये चार लुकलुकीच्या पुढे लिहिलंय: ‘अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा.’ रात्री नऊ वाजता, आगुंब्यात, मोबाइलला एक काडी रेंज असताना.

दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या पॉइंटवर जायचं सोडून (तसंही ढगात काय दिसणार होतं) घाट उतरून उडपीच्या बाजूला चार्जर शोधत गेलो. एवढं मात्र सांगतो, त्या चौदा वळणांवर गाडीने जीव लावला. उतारावर मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी भरते, वर ६१ टक्के होती ती सोमेश्वरला ६४ झाली. ब्रेकला जवळजवळ पाय लावला नाही. पेट्रोलच्या गाडीत उतारावर कधी टाकी भरलेली पाहिलीय का?

परत आल्यावर चार्जर सर्व्हिस सेंटरला दिला. एकोणीस दिवस त्यांच्याकडे. शेवटी ‘नो फॉल्ट फाउंड’ असा शेरा आणि तपासणीचे १,००० अधिक जीएसटी, एकूण १,१८० रुपये. वॉरंटीत असताना! मी म्हटलं दोष नाही तर पैसे कसले? काउंटरवरचा मुलगा म्हणाला, दोष नाही म्हणूनच सर, दोष असता तर वॉरंटीत बसलं असतं. हे वाक्य मी आजपर्यंत पचवू शकलेलो नाही. त्या दिवशी रात्री एक-स्टारवाला रिव्ह्यू लिहायला घेतला.

मध्ये एक गोष्ट शिकलो. बाबा एमएसईबीतून निवृत्त झालेत, कोल्हापूरला असतात. त्यांना फोनवर लाल दिव्याचं रडगाणं ऐकवलं तर त्यांनी एकच विचारलं, ‘जुन्या घरात तिसरी पिन कुठे जोडलेली असते?’ कुठेच नाही, हे उत्तर. घराला दोनच तारा आल्या होत्या, प्लगचं तिसरं भोक शोभेचं. चार्जर वीज घेण्याआधी अर्थिंग, म्हणजे गळकी वीज जमिनीत जायची वाट, आहे का ते तपासतो, नसेल तर हात वर करतो. मग मी तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर घेतला, दोनशे रुपयांच्या आतबाहेर मिळतो. ही या अख्ख्या रिव्ह्यूतली सर्वांत उपयोगी शिफारस समजा. आता होमस्टे बुक करताना जेवण, गरम पाणी वगैरे विचारत नाही, अर्थिंग विचारतो. बरेच जण ‘सगळं आहे सार’ म्हणतात. एकांनी प्लगचा फोटो पाठवला, आणि मागे भिंतीवर कोळी होता तो मुलीला फार आवडला.

उटीबद्दल थोडं, कारण तिथली चूक पूर्णपणे माझी. डिसेंबरात आई-बाबांना घेऊन गेलो. बाहेरच्या गाड्यांना मे २०२४ पासून निलगिरीत ई-पास लागतो, तो काढला. मसिनगुडीवरून कल्हट्टीच्या ३६ वळणांनी चढलो. या रस्त्याने बाहेरच्या गाड्यांना चढू देतात, उतरू देत नाहीत, ब्रेक तापून इतके अपघात झालेत. बाबांनी मागच्या सीटवर पाकिटाच्या पाठीवर हिशोब मांडला: पाच माणसं आणि सामान धरून गाडी पावणेदोन टन, म्हैसूर ७७० मीटरच्या आसपास, उटी २,२४०. नुसतं एवढं वजन तेवढं वर उचलायला सात युनिट. म्हणजे एक मीटरही पुढे न जाता बॅटरीचे सतरा-अठरा टक्के.

हॉटेलला चार्जर फुकट होता. फुकट म्हटल्यावर मी १०० टक्के भरली. गुडलूरच्या बाजूने उतरायला लागलो आणि गाडी न्यूट्रलमध्ये टाकल्यासारखी सुटली. बरोबरच आहे, भरलेल्या बॅटरीत उताराची वीज घालणार कुठे? सगळा भार ब्रेकवर. दहा-बारा वळणांत वास यायला लागला. बाबा काही बोलले नाहीत, फक्त वरचं हँडल धरलं. डोंगरमाथ्यावर ८० च्या वर भरू नका, फुकट असलं तरी. आणि त्या रस्त्याने परतणार असाल तर घड्याळाकडे बघा, बंदीपूरचं गेट रात्री नऊला बंद होतं ते सकाळी सहापर्यंत.

आता मार्च. त्याच सकलेशपूरच्या घरी पुन्हा गेलो, कारण तिथलं अर्थिंग ‘सिद्ध’ झालेलं होतं. हासनला फास्ट चार्जर रिकामा दिसत होता. बायको म्हणाली भरून घे थोडी. मी म्हटलं बावीस रुपयांनी? १६ टक्क्यांवर पोचलो. व्हरांड्यातला तोच प्लग. लाल दिवा. चारदा.

टेस्टर लावला, तारा तीन, सगळं जोडलेलं. मी म्हटलं झालं, हा चार्जरच भिकार आहे, आणि मोबाइलवर एक-स्टारवाला मजकूर उघडला. शनिवारी सकाळी गावातून वायरमन आला. त्याने दिवा पाहिला आणि म्हणाला, ‘अर्थिंग सरि इल्ला सार,’ म्हणजे अर्थिंग बरोबर नाही, प्लगच्या आतून न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, दोन मिनिटांचं काम, दोनशे रुपये. चार्जरला वाटेल अर्थिंग आलं. दोनशेत सुटका! मी पाकीट काढलंच होतं. बायकोने कोल्हापूरला फोन लावून माझ्या हातात दिला.

बाबांचा आवाज मी इतका चढलेला क्वचित ऐकलाय. ‘मागे कुठे न्यूट्रल तुटली तर गाडीचा सगळा पत्रा लाइव्ह होईल. मग गाडीला हात लावेल तो तारेला हात लावेल. पोरगी आहे ना बरोबर?’ मग शांत होऊन, ‘खड्डा कुठाय बघ. शेवटचं पाणी कधी घातलंय विचार.’

मालकांना प्रश्नच कळेना. घरामागे कॉफीच्या वाळलेल्या पाल्याखाली सिमेंटचं झाकण निघालं, त्यात गंजलेला पाइप, माती भुगा झालेली. टेस्टरला तार जोडलेली आहे एवढंच कळलं होतं, ती जमिनीला नीट भिडते का ते नाही. अर्थिंगचा खड्डा ओला असेल तरच विजेला जमिनीत वाट मिळते, म्हणून तर त्यात कोळसा आणि मीठ घालतात. ऑगस्टमध्ये ते काम पाऊस करत होता. मार्चमध्ये कोणी करायचं? बाबा फोनवरून एकेक सांगत गेले: पाइपाचा नट पॉलिश पेपरने घास, तार आवळ, जाडं मीठ टाक, बादल्या ओत. सहा बादल्या. मालक बघत होते आणि कुरकुरत होते, कारण त्यांच्या कॉफीला अजून ब्लॉसमचा, म्हणजे फुलं आणणारा, पाऊस झाला नव्हता आणि हा बंगळुरूवाला खड्ड्याला पाणी पाजत होता. अकरा चाळीसला प्लग लावला. हिरवा.

मी चार्जरची माफी मागणार होतो तेवढ्यात घरातल्या अज्जी बाहेर आल्या. काय चाललंय ते विचारलं, मुलाने, म्हणजे मालकांनी, कन्नडमध्ये समजावलं, आणि त्या त्याच्यावर अशा काही बरसल्या की आम्ही मागे सरकलो. गीझर चालू असताना न्हाणीच्या नळाला ‘शॉक होडियुत्ते’, शॉक बसतो, असं त्या संक्रांतीपासून सांगत होत्या. अज्जींचं वय झालंय, मुंग्या येत असतील, असं म्हणून कोणी लक्ष दिलं नव्हतं. मी नळाला हात लावला नाही, पण मालकांनी त्याच दुपारी वायरमनला परत बोलावून गीझर उघडायला लावला. आतली कॉइल फुटलेली निघाली.

म्हणजे त्या घरात दोघंच खरं सांगत होते, अज्जी आणि माझा चार्जर. दोघांचंही कोणी ऐकलं नाही, फरक इतकाच की अज्जींनी निदान काय होतंय ते शब्दांत सांगितलं होतं. माझी तक्रार आता तेवढीच उरलीय. हजारो रुपयांच्या वस्तूला ‘अर्थिंग तपासा’ एवढं लिहायला काय होतं? चार लुकलुकीचा अर्थ मॅन्युअलमध्ये एका ओळीत छापला असता तर माझे १,१८० रुपये, एकोणीस दिवस आणि आगुंब्याची एक सकाळ वाचली असती.

बाकी शनिवार गाडीविनाच गेला. रोबस्टा जातीच्या कॉफीच्या फुलांसाठी सगळ्या मळ्यांत स्प्रिंकलरचे पंप चालू होते, व्होल्टेज १८० पर्यंत पडलेलं, त्यामुळे चार्जिंग रांगत होतं. स्प्रिंकलर फिरलेल्या भागात कॉफी फुलली होती, जुईसारखा वास, फांदीभर पांढरं. बायको म्हणते अकरा सहलींतली हीच सर्वांत चांगली. मला पटत नाही. बिसलेचा व्ह्यू पॉइंट याही वेळी राहिला आणि मुक्कामाचे पैसे दोन दिवसांचे दिले होते.

गाडी साडेतीन स्टार कायम. अर्धा स्टेपनी नसल्याबद्दल कापलाय, पंक्चर किट ही स्टेपनी नव्हे. चार्जर एकवरून चार. सर्व्हिस सेंटरला पैसे परत मिळेपर्यंत काही देत नाही, तक्रार अजून उघडी आहे.

आल्यावर बाबांनी विचारलं, तुमच्या बिल्डिंगच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कोण घालतं? सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय. सगळ्यांनी वाचलंय. उत्तर अजून आलेलं नाही.